पासपोर्ट येईपर्यंत

आमची मुलगी रत्नागिरीत आली ती तिच्या बाबाच्या कडेवर बसून. स्टेशनवरून रिक्षा केली, नाचणे रोडवरच्या भाड्याच्या फ्लॅटपाशी उतरलो, दोन जिने चढलो आणि दार आतून लावल्यावरच तिने त्याच्या मानेभोवतीचे हात सोडले. ती तेव्हा चार वर्षांची होती. आमची तिची ओळख होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

मी मूळची पावसची. लग्नानंतर हॉलंडला गेले आणि तिथलीच झाले. मूल दत्तक घ्यायचं ठरवल्यावर बरीच वर्षं वाट पाहण्यात गेली आणि शेवटी तेलंगणातल्या एका बालगृहातून बोलावणं आलं. तिथल्या ताईंनी मुलगी आमच्या हवाली केली, पण तिला घेऊन लगेच देशाबाहेर जाता येणार नव्हतं. आधी उरलेले कागद, मग तिचा पासपोर्ट, मग व्हिसा. दोन महिने धरून चाला म्हणाले, जास्तही लागतील. ते दिवस कुठे काढायचे याचा मला विचारच करावा लागला नाही. माझा मुलूख, समुद्र, अर्ध्या तासावर आई. इतक्या वर्षांत सलग एवढं राहायला कधी मिळालं नव्हतं. मनातल्या मनात मी त्या पोरीला भाट्याच्या वाळूत खेळवलं होतं, आरे-वारेला फिरवून आणलं होतं आणि आमच्या पावसच्या बागेत झोपाळ्यावर बसवून झोकेही दिले होते.

माहेरी न उतरता वेगळं घर घेतलं, त्यालाही कारण होतं. आम्ही राहतो तिथे मूल दत्तक घेण्याआधी पालकांना एक वर्ग करावा लागतो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. या मुलांना आजवर अनेक हातांनी जेवू घातलेलं असतं, अनेक हातांनी उचललेलं असतं, आणि ते सगळे हात एक दिवस नाहीसे झालेले असतात. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे भरवायचं, न्हाऊ घालायचं, जवळ घ्यायचं ते फक्त आई-वडिलांनी. इतर माणसं नंतर. पावसच्या घरात आई, भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आणि दिवसभर येणारीजाणारी माणसं. तिथे हे जमलं नसतं. वर्गात बसून ऐकताना मला ते सगळं पटलं होतं. आईला फोनवर सांगताना मात्र शब्द सापडेनात. आई ऐकून घेऊन म्हणाली की बरं, तुम्हाला जसं शिकवलंय तसं करा, आणि वहिनीकडे फोन दिला.

माझ्या नवऱ्याला दोनच आठवड्यांची रजा होती, आणि त्या दोन आठवड्यांत मुलीने त्यालाच धरलं. का, ते कुणाला सांगता आलं नसतं. कदाचित बालगृहात सगळ्या बायकाच होत्या आणि एकेक करून त्या बायकांनी तिला दुसऱ्याच्या हाती दिलं होतं, म्हणून बाईमाणसावर तिचा भरवसा राहिला नसेल. तो भरवायचा, ती खायची. तो झोपवायचा, ती झोपायची. मी हात पुढे केला की ती एकच शब्द बोलायची, "वद्दु." तेलुगूत नको. मी पाणी दिलं तरी वद्दु, फणी घेतली तरी वद्दु. तिथे सांभाळणाऱ्या बाईला ती अम्मा म्हणायची. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून "आई, आई" म्हणून दाखवायची तेव्हा ती माझ्या हाताकडे बघायची आणि मान फिरवायची.

मग रजा संपली. नवरा गेला त्या सकाळी आम्ही तिला खोटं काही सांगितलं नाही. तसंच शिकवलेलं होतं. त्याने खाली बसून, तेलुगूतले चार शब्द पाठ करून सांगितलं की मी कामाला जातोय, परत येईन. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो जिना उतरून दिसेनासा झाला. ती रडली नाही. दारापाशी जिथे त्याच्या चपला असायच्या तिथे भिंतीला टेकून बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. त्याहून जवळ सरकले की ती तितकीच लांब सरकायची.

संध्याकाळी मला वाटलं, हिला जरा बाहेर न्यावं. कोपऱ्यावर दूध आणायचं होतं. मी पिशवी घेतली, दार उघडलं आणि तिचा हात धरायला वाकले. जिन्याची पहिली पायरी दिसताच ती अशी काही किंचाळली की समोरच्या बंद फ्लॅटचं दार उघडेल असं मला वाटलं. तिने उंबऱ्याशी लोळण घेतली आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. बालगृहातल्या ताईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या की आजवर ती जेव्हा जेव्हा एखाद्या घराचा जिना उतरून गाडीत बसली, तेव्हा त्या घरी परत गेली नाही. तिला जिना म्हणजे तेच वाटत असेल. थोडा धीर धरा.

त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या फ्लॅटमध्ये कोंडल्या गेलो. तिला सोडून मी जाऊ शकत नव्हते आणि तिला घेऊनही जाऊ शकत नव्हते.

मी माझ्याच मुलखात होते. सकाळी मासेवालीची हाळी ऐकू यायची. रस्त्यावरून पावसकडे जाणाऱ्या एसटीचा आवाज मला ओळखू यायचा. वारा पश्चिमेचा असला की संध्याकाळी खाऱ्या हवेचा वास खोलीत यायचा, पण त्या घराच्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी आल्याचं कळलं होतं. त्यांचे फोन यायचे, भेटायला कधी येऊ म्हणून विचारायच्या. मी म्हणायचे, थोडं थांबा. एकीने हसत विचारलं, मुलगी काय काचेची आहे का? मीही हसले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. त्यांना ऐकायला कमी यायचं. त्या दूध, भाजी, लागेल ते आणून माझ्या दाराला पिशवी अडकवून जायच्या. त्यांचा तेवढा आधार होता. वाणसामान फोन केला की येई. सगळं जग असं दारापर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं.

आणि घरात काय, तर पहारा. बाबा गेल्यावर मुलीने माझ्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. मला ती हात लावू द्यायची नाही, पण माझ्या कुर्त्याचं टोक मुठीत धरून माझ्यामागे फिरायची. त्यात माया नव्हती. जप्तीचा शिपाई कपाटाजवळ उभा राहावा तशी ती माझ्याजवळ उभी राहायची. मी स्वयंपाकघरात तर ती तिथे. मी न्हाणीघरात गेले की ती दार बडवायची, म्हणून दार उघडं ठेवून आंघोळ करू लागले. माझी पाठ तिच्याकडे आणि तिची नजर माझ्या पाठीवर. दुपारी ती झोपली की मी हळूच उठायचा प्रयत्न करायची. कुर्त्याला ओढ बसली की तिचे डोळे उघडत. शेवटी मीही तिच्या शेजारी पडून पंख्याकडे बघत राहायला शिकले. कुकरच्या शिट्टीला ती फार घाबरायची. शिट्टी झाली की मूठ आणखी आवळायची आणि डोळे मिटून घ्यायची.

नवरा रोज व्हिडिओवर फोन करायचा. मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघून तोंड फिरवून घ्यायची. एकदा मी त्याला म्हणाले की मला वाटतं आपण चूक केली. त्याने विचारलं, पासपोर्टचं काय झालं. मला त्याचा राग आला, पण त्याच्याजवळ दुसरं विचारण्यासारखं होतं तरी काय. रोज सकाळी मी तेच बघायचे, आजही काही कळलं नाही, आजही नाही. पासपोर्ट आला की सुटका, असं मी धरून चालले होते. कुणाची कुणापासून सुटका, हे मी स्वतःला विचारत नव्हते. मुलगी तर माझ्याबरोबरच येणार होती.

आई आठवड्यातून दोनदा पावसहून एसटीने यायची. डबा घेऊन यायची, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायची आणि मुलीकडे लांबून बघायची. पहिल्या वेळी तिने सवयीने हात पुढे केले होते. "ये गो बाय," म्हणाली. मी मध्ये आले आणि म्हणाले, आई, इतक्यात नको. आईने हात मागे घेतले आणि पदराला पुसले, जसं काही ते ओले होते. त्यानंतर ती तशी कधी वागली नाही. यायची, पाणी प्यायची, बागेतलं काहीबाही सांगायची आणि पुढच्या गाडीने जायची. वहिनी मला फोनवर म्हणाली की आई घरी आल्यावर कुणाशी बोलत नाहीत. मी तिला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. समजावता समजावता माझं मलाच ते एखाद्या परक्या ऑफिसातल्या सूचनेसारखं वाटू लागलं.

यात एक गंमत मात्र झाली. मी माझ्या आईला आई म्हणून हाक मारायची ते मुलगी ऐकत होती. एकदा बेल वाजली तेव्हा तिने दाराकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली, "आई." पावसहून डबा घेऊन येणारी म्हातारी ती आई, असं तिने ठरवून टाकलं होतं. माझी आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. पण मग मी कोण, ते तिच्याजवळ नव्हतं. मला ती काहीच म्हणायची नाही.

ऑक्टोबर सरत आला होता त्या वेळची गोष्ट. घराच्या मागच्या बाजूला एक गॅलरी होती. गॅलरीखाली गवत वाढलेला रिकामा प्लॉट आणि पलीकडे जांभ्याच्या दगडांचं कुंपण. त्या बाजूला माणसांची वर्दळ नव्हती. सकाळी मी कपडे धुऊन बादली घेऊन गॅलरीत गेले. मुलगी रोजच्यासारखी मागे होतीच. गॅसवर बारीक आचेवर कुकर ठेवला होता. मी एक चादर झटकून दोरीवर टाकली, आणि तेवढ्यात मागे दार लागल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज, टाचेने काहीतरी दाबल्याचा.

त्या दाराला वरची कडी नव्हती. खालच्या बाजूला लोखंडी बोल्ट होता, तो फरशीतल्या भोकात बसायचा. लाकूड फुगलेलं असल्यामुळे मी रोज संध्याकाळी तो टाचेने ठोकून खाली बसवायची आणि ती ते बघायची. तिने अगदी तसंच केलं होतं.

मी दार ढकललं. हललं नाही. दारालगत गजांची खिडकी होती. तिच्यातून बघितलं तर ती खोलीच्या मधोमध उभी होती. मी हसून म्हणाले, उघड. तिने मान हलवली. मी बोल्टकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "वद्दु." हा शब्द तिने आजवर रागाने म्हटला होता, घाबरून म्हटला होता. या वेळी ती अगदी शांतपणे म्हणाली.

मग मी जे बघितलं ते मला कधी विसरता येणार नाही. ती माझ्यापासून दूर गेली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. कोपऱ्यात तिच्यासाठी आणलेल्या खेळण्यांची पेटी होती, तिला तिने हातही लावला नव्हता. ती पेटीपाशी बसली, एक लाकडी गाडी काढली आणि फरशीवरून फिरवू लागली. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. थोड्या वेळाने उठून खिडकीपाशी आली, मी आहे ना ते बघितलं आणि परत गेली. पुन्हा खेळली. पुन्हा येऊन बघून गेली. आता मला कुठेही जाता येणार नव्हतं, त्यामुळे तिला माझ्यावर पहारा करायची गरज उरली नव्हती.

हे मला तिथे उभ्याउभ्याच कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही. माझा फोन आत टेबलावर होता. गॅस चालू होता. मी काकूंना हाका मारल्या. त्या खाली पुढच्या खोलीत असणार आणि त्यांचा टीव्ही मोठ्याने चालू होता, त्याचा आवाज मला वर ऐकू येत होता. मी आणखी मोठ्याने ओरडले. समोरच्या कुंपणावरून एक मांजर माझ्याकडे बघत बघत निघून गेलं. ऊन थेट गॅलरीत येत होतं, फरशी तापायला लागली होती आणि माझ्या पायांत चपला नव्हत्या. कुकरमधलं पाणी आटलं तर काय, ती ओट्यापाशी गेली तर काय, असे सगळे विचार एकदम येत होते. मी गज धरून तिला विनवू लागले, मराठीत, मग येत होते तेवढ्या तेलुगूत, मग नुसतं रडत. ती गाडी हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मोठं माणूस रडताना तिने बघितलं नसावं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

तिच्या हातातली गाडी पडली. ती धावत खिडकीशी आली आणि दोन्ही हात गजांमधून बाहेर काढले. मी ते धरले. पहिल्यांदाच धरले. लहान, घामेजलेले, नखांत फरशीवरची धूळ. ती हात सोडवून घेत नव्हती. दुसरी शिट्टी झाली तेव्हा ती ओरडली, "अम्मा, अम्मा." ती मला हाक मारत होती की तिकडे राहिलेल्या त्या बाईला, ते मला माहीत नाही. मी ओ दिली.

मी तिला खुणेने बोल्ट दाखवला. तिने एक हात सोडला आणि वाकून ओढून बघितलं. बोल्ट हलला नाही. टाचेने खाली बसवता येतो, पण वर ओढायला जोर लागतो, मलासुद्धा तो दोन-तीनदा हिसकावा लागायचा. तिने दोन्ही हातांनी ओढलं. मग वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी माझं रडं आवरलं. आतापर्यंत तिने मला कोंडलं होतं. आता आम्ही दोघीही अडकलो होतो, आणि ते तिलाही समजलं होतं. ती पुन्हा गजांशी आली आणि हात बाहेर काढले. आम्ही तशाच उभ्या राहिलो, ती आत, मी बाहेर. शिट्टी झाली की ती माझ्या मनगटात नखं रुतवायची.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दाराची बेल वाजली. तो आईचा यायचा वार होता, मी पार विसरले होते. बेल पुन्हा वाजली. मी जिवाच्या आकांताने ओरडले की आई, मी मागे आहे, गॅलरीत. मग खालून गवतात पावलं वाजली आणि कुंपणाच्या कडेने आई आली, डब्याची पिशवी हातात, साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली. तिने वर बघितलं.

"पोर कुठे आहे?" तिने आधी ते विचारलं.

आत आहे म्हणाले, मला बाहेर कोंडलंय आणि गॅस चालू आहे. काकूंकडे दुसरी किल्ली असेल, त्यांना ऐकू येत नाही, खिडकीवर थापा मार. आईने पुढचं काही विचारलं नाही. ती आली तशी वळली. काकूंच्या खिडकीवर तिने मारलेल्या थापा मला वर ऐकू आल्या, मग टीव्ही बंद झाला, मग जिन्यावर दोघींची पावलं.

पुढचं दार उघडलं तेव्हा मुलीने माझे हात आणखी घट्ट धरले. आई आत आली आणि आमच्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मग ती गॅलरीच्या दाराशी येऊन वाकली आणि दोन-तीन हिसक्यांत तिने बोल्ट वर ओढला. मुलगी तिच्या पायाशीच उभी होती, रडून लाल झालेली, नाक गळत असलेलं. मला वाटलं आई आता हिला उचलणार. मी काही म्हणाले नसते. पण आई एक पाऊल बाजूला झाली आणि मला आत यायला वाट दिली.

मी आत येऊन खाली बसले. पाय भाजले होते. मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली नाही, पण माझ्या गुडघ्याला पाठ टेकवून बसली. काकू दारात उभ्या राहून, हे असं कसं झालं म्हणून विचारत होत्या. आईने त्यांना हाताने थांबा अशी खूण केली आणि स्वयंपाकघरातून ताट आणलं. डब्यात भात होता आणि कुळथाचं सार. झाकण काढल्याबरोबर लसणीच्या फोडणीचा वास खोलीभर झाला. तिने भातावर सार ओतलं, कालवलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"तूच भरव. मी बघत्ये," ती म्हणाली.

मला बोटं नीट वळवता येईनात. पहिला घास अर्धा सांडला. मुलीने उरलेला खाल्ला, थांबली आणि ताटाकडे बघू लागली. मग बोट दाखवून म्हणाली, "चारु." मला वाटलं ती कुणाचं नाव घेतेय. तिने पुन्हा म्हटलं, चारु, आणि तोंड उघडलं. तिने सगळा भात खाल्ला. ताट चाटलं. या घरात आल्यापासून मी तिला दूध-ओट्स, मऊ खिचडी, केळं असलं देत होते, कारण वर्गात मिळालेल्या पत्रकावर तसंच लिहिलं होतं. दुपारी बालगृहात फोन करून विचारलं तेव्हा ताई हसल्या. चारु म्हणजे सार. आणि कुळथाचं तर त्यांच्याकडेही करतात, ते मुलांना फार आवडतं.

आई त्या दिवशी पुढच्या गाडीने गेली नाही. संध्याकाळपर्यंत थांबली. मी तिला म्हणाले, आई, तू उचललं असतंस तरी चाललं असतं. आई म्हणाली की तिच्याही मनात आलं होतं. "पण ती तुझे हात धरून होती गो. ते कसे सोडवू मी?"

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. कुर्त्याचं टोक धरणं चालूच राहिलं. न्हाणीघराचं दार उघडंच राहिलं. जिन्यापाशी ती अजूनही चौकट धरायची. मलाही दिवसातून एकदा तरी वाटायचं की कुणीतरी यावं आणि मला तासभर इथून सोडवावं. फक्त आई आता रोज येऊ लागली आणि मी तिला थांबवलं नाही. भरवायची मीच. आई कुळीथ शिजवायची, भांडी घासायची आणि मुलीला दिसेल अशी दार उघडं टाकून जिन्यात पायरीवर जाऊन बसायची. तिथे बसून ती झाडूसाठी नारळाच्या पात्यांतले हीर सोलायची. थोड्या वेळाने आत यायची. पुन्हा जाऊन बसायची. मुलगी उंबऱ्याच्या आत उभी राहून बघायची की बाहेर गेलेली म्हातारी परत येते.

एक दिवस ती उंबरा ओलांडून आईशेजारी बसली. मी तिच्यामागे बसले. पुढे आम्ही पायऱ्यांवर दुपारचं खायलासुद्धा बसू लागलो. खाली अंगणात पोचलो त्या दिवशी तिने जमिनीला हात लावला आणि लगेच मला वर ओढायला सुरुवात केली. आम्ही वर आलो. ती खोलीभर फिरली, गादी, पेटी, टेबल, सगळं जागच्या जागी आहे ते तिने बघितलं. मग स्वतःच दारापाशी गेली. पुन्हा खाली, पुन्हा वर. माझे गुडघे दुखायला लागले तरी ती थांबेना. मला तिचं कौतुक वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. खाली गेलं की परत येता येतं, हे मी तिला शिकवत होते. आणि काही आठवड्यांत मीच तिला हा जिना उतरवून घेऊन जाणार होते. त्यानंतर ही खोली तिला पुन्हा दिसणार नव्हती.

हे मी आईजवळ बोलले. आई म्हणाली की मग तिला आमच्या घरी तरी घेऊन ये थोडे दिवस, ते घर कुठे जात नाही. म्हणून शेवटचा आठवडा आम्ही पावसला राहिलो. रिक्षात ती माझ्या अंगावर ओकली आणि पोचेपर्यंत रडत होती. मी मनात आखलेलं त्यातलं काहीच झालं नाही. झोपाळ्याकडे तिने बघितलंही नाही आणि समुद्राला ती घाबरली. वहिनीची मुलं तिच्याभोवती जमली की ती माझ्यामागे लपायची. रात्री माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची.

पासपोर्ट आला आणि पाठोपाठ व्हिसा झाला तेव्हा इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते तो आनंद काही केल्या येईना. आम्हाला न्यायला नवरा आला. मुलीसाठी एक मोठं कापडी अस्वल घेऊन आला. अंगणात उतरल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि हात पसरले. ती त्याला ओळखत होती, यात शंका नाही. तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "वद्दु." मग वळून माझ्या पायांमागे गेली.

निघताना आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिने तो फिरवू दिला. आईने मला पोटाशी धरलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. ती फाटकात उभी राहिली आणि गाडी वळेपर्यंत उभीच होती. मुलगी मागच्या काचेतून बघत होती आणि आई, आई म्हणत होती.

मुंबईला जाणाऱ्या रेल्वेगाडीत आम्ही खिडकीजवळच्या जागा घेतल्या होत्या. नवरा समोर बसला. त्याने बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिने घेतला नाही. त्याने तेलुगूत काहीतरी म्हटलं, बहुतेक तिकडे नवीन शिकून आला होता. तिने तोंड माझ्या दंडात खुपसलं. बोगदा आला, डब्यात अंधार झाला आणि पुन्हा उजेड पडला तेव्हा तो तसाच पुडा हातात धरून बसलेला होता.

तो हळूच म्हणाला की ती माझ्याकडे बघतच नाही.

मी म्हणाले, बघेल. तू फक्त समोर बसून राहा. फार जवळ सरकू नकोस.

माझ्या दंडाला मुंग्या आल्या होत्या, पण ती झोपली होती, म्हणून मी हात हलवला नाही.